बाळ नसताना आलेलं दूध

भालकी, डिसेंबर १९५२

प्रिय सिद्धू,

अक्का बरी आहे, असं अप्पांना सांग. तू माझी धाकटी बहीण, तुला मात्र खरं लिहिते; वाचून झालं की कागद चुलीत घाल. ओळी वाकड्या आल्या तर हसू नकोस, कडेचं मला दिसेनासं झालंय. परवा आत येताना दाराची चौकटच कपाळाला लागली.

पोळ्याच्या सुमारास शेजारी बारशाला गेले होते. बाळ रडायला लागलं म्हणून उचललं, आणि माझी चोळी भिजली. सिद्धू, दूध. लग्नाला सहा वर्षं झाली, कूस रिकामी, वर्षभर पाळीही नाही, आणि सगळ्या बायकांदेखत दूध. घरी सासूबाईंनी दार लावून विचारलं, "कुणाचं होतं? कुठं पाडलंस?" मी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन शपथ वाहिली. त्या म्हणाल्या, "दूध काय खोटं बोलतंय व्हय?"

ह्यांनी मात्र एका शब्दानं विचारलं नाही. रेल्वेनं हैदराबादला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढून ह्यांना समजावलं, की मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी सगळ्यांनाच असते; माझ्या ग्रंथीत गाठ झालीय. दूध तिच्यामुळं, पाळी बंद तिच्यामुळं, नजरही तीच दाबायलीय. मद्रासकडं डोकं उघडून काढतात म्हणे, पण माणूस उठेलच असं न्हाई. आणि मूल होणार नाही. मी तिथंच रडले. दुःखानं नव्हे गं, माझ्यावरचा आळ गेला म्हणून.

घरी ह्यांनी सगळं सांगितलं. सासूबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी ह्यांच्या दुसऱ्या लग्नाचं काढलं. हे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मी काय करू कमळा, तूच सांग."

सासूबाईंना तूच हवी आहेस. बहीण आली तर कमळाला घर सोडावं लागणार नाही, डोळे गेले तरी हात धरायला आपलं माणूस असेल, असं त्या म्हणतात. ते खोटं नाही. तुला राजी करायलाच मला लिहायला बसवलंय. सोमवारी मामंजी करजगीला अप्पांकडं येतील. हो म्हण, असं माझ्यानं लिहवत नाही. नको म्हण असं लिहावं, तर दुसरी कुणी येईल, आणि मग मी कुठं जाईन ते मला कळत नाही. अप्पा विचारतील तेव्हा माझा विचार करू नकोस, एवढं तरी लिहावं म्हणते, तर तिथंही हात थांबायलाय.

तुझीच,
कमळा अक्का