शिकिशीवरच्या सह्या

६ मे २०१२, सेंदाई
पोचलो एकदाचे! नचिकेतने विद्यापीठाजवळ घेतलेलं घर इवलंसं आहे, पण ऊन भरपूर. तन्वी आल्या आल्या कपड्यांसकट टबात जाऊन बसली. सामानातून आधी माझ्या सह्यांच्या वह्या निघाल्या, तेव्हा नचिकेत हसला. हसू दे. लोक नटांच्या सह्या जमवतात. मी शाळेतल्या मैत्रिणींच्या, पोस्टमनच्या, आजोबांच्या थरथरत्या हाताच्या. सही पाहिली की माणूस समोर उभा राहतो.

१९ मे
त्सुनामीच्या चिखलात सापडलेल्या वस्तू धुऊन मालकांना परत देतात, त्या केंद्रात जाऊ लागले आहे. सत्तरीच्या एन्दो-सान ते चालवतात. माझं जपानी तोडकंमोडकं, पण मऊ ब्रश धरता येतो. आज एक शिकिशी धुतली. निरोपाच्या वेळी सगळे सह्या करतात, तो चौकोनी पुठ्ठा. गोलाकार लिहिलेल्या मुलांच्या सह्या, एकही पुसलेली नाही. एकीवर बोट टेकलं आणि कुणीतरी माझी वेणी ओढली. मागे कोणी नव्हतं.

एन्दो-सान म्हणाल्या, वर्षभरात ही न्यायला कोणीच आलं नाही. वाळवायला घरी नेऊ का, विचारलं. जरा घुटमळल्या, मग हो म्हणाल्या.

२२ मे
तन्वीने शिकिशीवर मधोमध स्वतःचं नाव लिहून ठेवलं! मी रागावले. ती म्हणाली, "आई, तू सगळ्यांच्या सह्या घेतेस. माझी कधीच नाही घेतलीस." तिला जवळ घेतलं.

२५ मे
व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या आजीला पाहून तन्वी माझ्यामागे लपली. ओळखलंच नाही. 'पाणी' हा शब्दही आठवेना, 'मिझु' म्हणाली. नचिकेतचं म्हणणं, नवा देश, नवी शाळा, होतं असं.

२८ मे
पुठ्ठ्यावरच्या तन्वीच्या सहीवर बोट ठेवलं. गच्ची. आजी गूळपोळीचा घास भरवतेय आणि मी खालून बघतेय, आजीचा चष्मा केवढा मोठा. ही आठवण माझी नाही. तन्वीची आहे. तिच्यातून निघून इथे येऊन बसली आहे.

धावत एन्दो-सानकडे गेले. सगळं सांगितलं. सही करणाऱ्यांतला मिउरा नावाचा मुलगा त्यांना सापडला होता म्हणे. पुठ्ठ्यावरचं शाळेचं नाव वाचून तो म्हणाला, ही शाळा मी पाहिलेली नाही. शेजारी उभ्या असलेल्या आईलाही ओळखत नव्हता. सगळ्यांनी लाटेचा धक्का समजून सोडून दिलं. तरी मी तुम्हाला ती नेऊ दिली, म्हणत त्या माझे हात धरून रडल्या.

३० मे
ओल्या कापसाने सही घासली. आतल्या खोलीत तन्वी किंचाळली. आता नचिकेतला बाबा म्हणत नाही. मला 'ओबासान' म्हणते, रस्त्यातल्या कुठल्याही बाईला म्हणावं तसं. नचिकेत डॉक्टरांकडे खेपा घालतोय. जाळू कसा हा पुठ्ठा? ती त्यात आहे.

३१ मे
काही सुचेना, म्हणून तिच्या सहीवर माझं नाव लिहिलं. निदान तिच्याजवळ असावं. वृंदा.

तन्वी शाळेतून आली, दारातूनच ओरडली, "आई, भूक लागली!"

तिला धरून खूप रडले. तिची सही थोडी फिकी झालीय. आणि माझ्या आईचं नाव मला आठवत नाहीये.

१ जून
पुन्हा ओबासान. पुन्हा लिहिलं. वृंदा, वृंदा. तिला 'पाणी' आठवलं. नचिकेतने आमच्या लग्नातली कुठलीशी गंमत काढली. मला आठवेना — हसून वेळ मारून नेली. सांगितलं तर पेन काढून घेईल.

जून
तिला आजी आठवली. गच्ची आठवली. माझ्या हातावर माझ्याच अक्षरात लिहिलंय — थांबू नको, तन्वीसाठी. तन्वी म्हणजे —

हो. हो, माझी. लवकर.

फक्त 'त' उरलाय. वृंदा. वृं

पुसला गेला! गेला —

दारात एक मुलगी आलीय. लाल दप्तर. मला आई म्हणून रडतेय. किती गोड — घर चुकली असावी बिचारी. नाव विचारते, मग हिच्या आईला —