भाच्याचं मागणं

प्रिय इनोके,

हे पत्र सेला सरावाच्या शिबिरावर येऊन तुझ्या हातात देईल. नवऱ्याच्या धुतलेल्या कपड्यांबरोबर नणंदेचं पत्र न्यायचं म्हणजे बिचारीला अवघडल्यासारखं झालं. "असं काय आहे त्यात? मला सांगा ना, मी सांगते त्यांना," असं सारखं म्हणत होती. इतकी वर्षं तसंच तर चाललंय आपलं. मी सेलाला सांगायचं, तिने तुला, आणि तुझं उत्तर त्याच वाटेने माझ्याकडे यायचं. पण या वेळचं मी तिच्या तोंडून पाठवणार नाही. तुला मिसरूड फुटलं आणि तू मुलांच्या झोपडीत झोपायला गेलास, तेव्हापासून आपण दोघं एका खोलीत निवांत अशी कधी बसलोच नाही. भावाबहिणीने बसायचं नसतं, आणि ते एका परीने बरंच असतं, भांडणं होत नाहीत. आज मात्र मला भांडायचं आहे. शनिवारी सामना आहे आणि आज गुरुवार, म्हणून कुठेतरी एकटा बस आणि शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं गाव लाल झालंय. झाडांना लाल फडकी, गाड्यांना लाल फडकी, पाळकांनी तर प्रार्थनेत तुझं नाव राजाच्या नावाला अगदी चिकटून घेतलं. बाजारात मासे विकणारी वाइनिसी आहे ना, ती मला बघताच सुरू झाली, "काय हो, मागच्या वेळी तुमच्या भावाने सामोआच्या पोरांना दार उघडून आत घेतलं, चहापाणी तेवढं विचारायचं राहिलं! तुमचा केलेपी मध्ये उभा होता म्हणून अब्रू वाचली." सगळ्या बायका हसल्या. एरवी मी तिच्या माशांच्या ताजेपणावरून तिला असं काही ऐकवलं असतं की तिने दुकान आवरलं असतं. त्या दिवशी मी मासे न घेताच घरी आले. जिंकलास तर संघ घेऊन रग्बीच्या विश्वचषकाला जाशील, हरलास तर तुला घरी बसवतील, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि शनिवारी सामोआला अडवायचं ते माझ्या केलेपीने, हेही सगळ्यांनी ठरवून टाकलंय. कुणी मला विचारलेलं नाही.

तुझा पहिला आंतरराष्ट्रीय सामना मी पाहिला नाही, ऐकला. बाटलीत चिंध्या कोंबून तिचा चेंडू करणारा माझा भाऊ, जपानच्या कॉलेजात जाऊन भात खायला शिकून आलेला आणि मग आईच्या हातच्या कंदांना नावं ठेवणारा, तो लाल जर्सी घालून उतरला होता. आम्ही बायका ओळीने बसून झाडाच्या सालीचं कापड कुटत होतो आणि रेडिओ मधोमध ठेवला होता. निवेदकाने तुझं नाव घेतलं की सगळ्यांचे दांडके हवेतच थांबायचे. त्या कापडाचा तेवढा भाग जाडाभरडा राहिला तो राहिलाच. पुढे तू आपल्या मैदानावर खेळायला लागलास तेव्हा मी बघायला यायची, आणि लोकांची पंचाईत व्हायची. आपल्या रीतीत भाऊ आणि बहीण दोघंही हजर असताना शिवी तोंडातून काढायची कशी? "तोंडं सांभाळा रे, सात नंबरची बहीण बसलीय," असं कुणीतरी ओरडायचं, की पुढच्या सगळ्या रांगा चर्चमध्ये बसल्यासारख्या गप्प. शेवटी लोकांची दया येऊन मी लांब नारळाखाली बसायला लागले. तिथून तू अंगठ्याएवढा दिसायचास, पण कुणाला जाऊन धडकलास की मी डोळे मिटून घ्यायची. मग तू फ्रान्सला गेलास, तिथल्या थंडीत कितीतरी वर्षं खेळलास, आणि एक दिवस गुडघ्याला पट्टा बांधून, गळ्यात शिट्टी अडकवून परत आलास. मी मेणबत्ती लावली. म्हटलं, सुटलो एकदाचे, आता धडका दुसऱ्यांची मुलं घेतील. ती दुसऱ्यांची मुलं म्हणजे माझाच मुलगा निघेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

तू चांगला प्रशिक्षक आहेस, हे मला सेलाने सांगायला नको. ज्या पोरांना आपली बुटांची जोडी सांभाळता येत नव्हती, ती आता रांगेत उभी राहतात. मी एकदा कुंपणापलीकडून सराव पाहिला होता, तुला माहीत नाही. सगळ्या पोरांना तू सोलून काढत होतास, आणि केलेपीने चूक केली की सहायकाकडे बघायचास. तो न्यूझीलंडहून आलेला गोरा बिचारा जोरजोरात केलेपीवर ओरडायचा. या एका पोराला ओरडायचं काम आपल्याच वाट्याला का येतं, हे त्याला अजून कळलेलं नसणार. मला तेव्हा हसू आलं होतं. आपल्यात भाचा मामापेक्षा वरचा, तो मागेल ते मामाने द्यायचं, त्याला मामा कसा बोलणार? लहानपणी तो तुझ्या ताटातली कोंबडीची तंगडी उचलून पळायचा आणि तू हात मागे घेऊन बघत बसायचास. फ्रान्सहून आणलेले नवे कोरे बूट त्याने तुझ्या पायातून काढून घेतले, त्याच्या पायाला ते होडीएवढे मोठे होते, तरी तू अनवाणी घरी गेलास. सगळं गाव हसलं, तूही हसलास. त्या सरावात मात्र मला क्षणभर वाटून गेलं, की ज्याला ओरडता येत नाही त्याला थांबवता तरी येईल का.

आता फेलेतीबद्दल सांगते. तुझ्या शेजारी खांद्याला खांदा लावून स्क्रमच्या रेटारेटीत घुसायचा, तुझ्याच वयाचा, तुझ्याएवढ्याच धडका डोक्यावर घेतलेला. चटई द्यायला मी त्याच्या घरी गेले होते. तो ओट्यावर बसला होता, स्वच्छ शर्ट, केस नीट विंचरलेले, बघून वाटलं, किती छान दिसतोय. मला म्हणाला, "इनोके अजून कपडेच बदलतोय का? बस निघून जाईल त्याची!" मी काही बोलणार तेवढ्यात त्याची बायको मागून आली आणि हळूच म्हणाली, "येतोय म्हणा. नाहीतर ते शोधायला निघतात, मग रस्त्यावरून परत आणावं लागतं." मी म्हटलं, येतोय, आलाच. तेवढ्यावर तो खूश झाला. ती रोज त्याला आपलं नाव सांगते, इनोके. लग्नाच्या बायकोला रोज आपली ओळख करून द्यावी लागते. तू त्याला भेटायला जात नाहीस असं ती म्हणाली. मी तुझी बाजू घेतली, पण का जात नाहीस ते मला समजलं.

रविवारी तुम्ही पोरांना चर्चसाठी घरी सोडलंत. केलेपी माझ्या शेजारच्या बाकापाशी, पुरुषांच्या बाजूला उभा होता. जे भजन तो बोबडं बोलायच्या वयापासून गातोय, त्याच्या दुसऱ्या कडव्यात तो थांबला. आवाज बसला असेल म्हणून मी मान वळवली, तर तोंड उघडं आणि शब्दच नाहीत. सगळे खाली बसले तरी तो उभाच. मागच्याने कोट ओढला तेव्हा बसला, वर मला डोळा मारून हसला, म्हणजे मी घाबरू नये. घरी येऊन खिडकीकडे पाठ करून बसला, ऊन सोसत नव्हतं त्याला. उमूच्या, जमिनीतल्या भट्टीतून काढलेला, अळूत मांस गुंडाळून केलेला लू मी त्याच्यापुढे ठेवला, आवडतो म्हणून नारळाचं दूध जास्त घातलं होतं. अळूसकट चाटूनपुसून संपवलं, हात धुतले, आणि मला म्हणाला, "आई, आज लू नाही केलास?" रिकामं केळीचं पान समोरच होतं. त्याच्या बापाला वाटलं पोरगं अजून मागतंय. तो हसत हसत उठला आणि त्याने दुसरा वाढला.

मी त्याला मागच्या दारी नेलं आणि विचारलं. आधी "काही नाही", मग "थोडं लागलं होतं", मग एकेक करत बाहेर आलं. मागच्या सामन्यात डोक्याला मार बसला होता, गेल्या मंगळवारी सरावात परत त्याच जागी बसला, आणि थोडा वेळ आपण कुठे आहोत ते त्याला कळत नव्हतं. मी म्हटलं, "संघाच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलंस?" तर म्हणतो, "वेडी आहेस का, त्या मला बसवून ठेवतील. मामाला माहीत आहे." मग मामाने सांगितलं का त्यांना? माझा मुलगा हसला, इनोके. अगदी तंगडी घेऊन पळाल्यासारखा हसला. म्हणाला, "मी मामाकडे मागून घेतलंय, कुणाला सांगायचं नाही म्हणून. भाचा मागतो तेव्हा मामा नाही म्हणतो का कधी?"

त्या दिवसापासून मला झोप नाही. तू काय केलं असशील ते मला डोळ्यांपुढे दिसतं. तू मान खाली घातली असशील, "बरं" म्हणाला असशील, आणि पाठ फिरवून पोरांवर ओरडायला लागला असशील. रीतीने वागलास, कुणी तुला दोष देणार नाही. पण मी विचारणार आहे, आणि याचं उत्तर मला नको, स्वतःला दे. त्याने मागितलं तेव्हा तुझ्या छातीवरचं ओझं थोडं हलकं झालं का? बूट मागितले तेव्हा तुझं नुकसान होतं. या मागण्यात तुझाही फायदा होता, त्याच्यावाचून शनिवारी तुझ्याकडे सामोआला अडवणारा कुणी नाही. मला तुझा राग आलाय, खूप राग आलाय, आणि दयाही येते, कारण आयुष्यभर घाम गाळून तू ज्याच्यापर्यंत पोचलास ते शनिवारी तुझ्या हातात येणार आहे. पण आपल्या बोलीत मामाला नुसता मामा म्हणत नाहीत, पुरुष-आई म्हणतात. त्याचं कडवं अर्ध्यावर थांबलेलं मी पाहिलं. मैदानावर तो चाचपडला ते तू पाहिलंस. दोन आयांनी पाहिलंय, आणि त्यातली एक गप्प बसलीय.

म्हणून हे पत्र लिहिलं. केलेपी तुझ्याहून वरचा आहे तो काही तुझ्यानंतर त्याला मिळालेल्या सात नंबरच्या जर्सीमुळे नाही, माझ्या पोटी आला म्हणून आहे. त्याचा हक्क माझ्याकडून गेलेला आहे, आणि त्याचं मागणं मोडेल असं मी मागू शकते. लग्नात, मयतीत, तुझ्या मुलांच्या बारशात बहिणीने जे जे उचलून न्यायचं असतं, ते मी कधी नेलं नाही, सेलाच्याच घरात राहू दिलं. आता मागते. पत्र मिटलंस की डॉक्टरीणबाईंकडे जा आणि पाहिलंस ते सगळं सांग. केलेपीला विचारू नकोस, त्याला फक्त एवढंच सांग, की तुझ्या आईने मागितलं. सामना हरलास तर तुझं काय होईल ते मला समजतं, ते समजून मागतेय. आणि तो? तो भडकेल, बॅग भिरकावेल, कदाचित वर्षभर माझ्याशी बोलणार नाही, समोरून आला तर तोंड फिरवून जाईल. जाऊ दे. रागाने का होईना, मला ओळखून तोंड फिरवत असला म्हणजे झालं.

तुझीच थोरली,
तेलेसिया