मांडव नाही तर नावं नाहीत

९ नोव्हेंबर
तलाठ्याकडून जुने उतारे आणले. वाचून डोकं फिरलं. पणजोबा, त्यांचे भाऊ, भावांचे मुलगे. बायका कुठे गेल्या? पणजीचं नाव घरात एकालाही माहीत नाही. सगळ्यांचं एकच, "आत्याला विचार." आत्या धवलारीण. आमच्या हेंद्रेपाड्यातल्या लग्नांत हळदीला तीच गाते आणि घरातल्या गेलेल्या सगळ्यांना, बाया-बाप्यांना, नाव घेऊन मांडवात बोलावते.

११ नोव्हेंबर
मोबाइल घेऊन आत्याकडे. दोन चहा झाले, नाव एक नाही. "मांडव नाय, हलद नाय, न नावा घेव? ती आयली त त्याना काय सांगू गो?" गाऊ नको, नुसती सांग म्हटलं. तर पदर तोंडाला लावून बसली. असा राग आला! पण तिच्या घशात गाठ आहे. डिसेंबरात ऑपरेशन. आवाज राहील याची खात्री डॉक्टर देत नाहीत.

१२ नोव्हें.
कंपनीत दोनदा चुकीचं लेबल लावलं, बोलणी खाल्ली. अंबरनाथहून येताना डोक्यात तेच. या सीझनला घरात लग्न कुणाचं? माझा विषयच नको. उरला धाकटा, रोहन. त्याचं कोर्टात ठरलंय. मुलगी कोमल, निर्वासितांच्या कॅम्प पाचची, सिंधी. दोन्ही घरं फुगलेली, म्हणून ना हॉल, ना हळद.

१५ नोव्हें.
रोहनला म्हटलं, हळद तरी कर. "तुझ्या रेकॉर्डिंगसाठी मी पिवळा होऊ?" मूर्ख. कोमल मात्र लगेच हो म्हणाली. "दीदी, हमारे यहाँ तो दादाजी के आगे हम बच्चों को कुछ पता ही नहीं. सब उधर रह गया." तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. तिच्यापुढे रोहनचं काय चालणार!

१८ नोव्हें.
आत्या तयार. पण "पोरीच्या घरची पन नावा आन. एकाच बाजूची बोलवाची नसतात." हे आधी सांगायला काय झालं होतं?

२० नोव्हें.
कॅम्प पाच. कोमलची आजी, सगळे डाडी म्हणतात. फाळणीत आली तेव्हा तीन-चार वर्षांची. सासू-सासऱ्यांची नावं सांगितली, वडिलांचं सांगितलं. तुमच्या आईचं? "अम्मा थी. अम्मा को नाम से कौन बुलाता है?" आई इथे आल्यावर लगेच गेली. विचारायला कुणी उरलंच नाही. मग तिने पाणी आणि पापड पुढे केला. मी एका पणजीसाठी एवढी तडफडतेय, आणि हिला... पापड खाल्ला. फार आवाज झाला त्याचा.

२१ नोव्हें.
आत्याला सांगितलं, एक नाव मिळत नाही. वाटलं, संपलं सगळं. ती म्हणाली, "त्या म्हातारीला आन. माज्या बाजूला बसव. तिची आई तिला बगून येल." तिथेच रडले, आत्यासमोर.

२९ नोव्हें.
उद्या हळद. मांडव उभा राहिला. डाडीला आणायला रिक्षा सांगून ठेवली. आत्याने सकाळपासून सगळं खुणेने चालवलंय, चहासुद्धा खुणेने मागितला. शेवटी राहवेना. विचारलं, "आवाज जपून ठेवतेस, की गेला?"
तिने हात झटकला. त्यातून मला काहीच कळलं नाही.