आता पडद्यावर मरणार नाही

आई,

इथल्या परदेशी मालिकांमध्ये मी टॅक्सीवाला झालो, पहारेकरी झालो आणि दर वेळी दुसऱ्याच भागात गोळी खाऊन मेलो. आपल्याकडचा माणूस म्हटलं की यांना तेवढंच सुचतं. भाग संपला की लगेच तुझा फोन यायचा, "मेल्या, जिवंत आहेस ना?"

तू गेल्यानंतरही एकदा मेलो. भाग संपला, तरी फोनकडे बघत बसलो.

आज डॉक्टरची भूमिका होती. तोही मरणारच होता. दिग्दर्शिकेला स्वच्छ सांगितलं, "हा जगणार असेल तरच करतो." ती म्हणाली, "दुसरे पुष्कळ आहेत." पांढरा कोट खुंटीला लावून घरी आलो.

पोटाचं बघेन काहीतरी. पण विचारणारं कुणी नसताना मी मरायचा नाही.

तुझा धडधाकट
मुलगा