बारी बंद

रविवार, सप्टेंबर १९९७. पांडेसरा

आत्ताच आम्ही दोघं घरी पोचलो. काल डोंगर चढून जंगलातल्या झोपडीत मुक्कामाला गेलो. हे पाणी आणायला गेले, तेव्हा रखवालदार मला म्हणाला, "बेन, बारी बंध राखजो." सुरतेत मी नवी नवरी, गुजराती अजून येत नाही; मला कळलं ते "बारी बंद" एवढंच. आमच्या धुळ्याकडे बारी म्हणजे घाट. वाटलं, घाट बंद, मग कोण येतंय इथं! खिडकी सताड उघडी टाकून निवांत झोपले.

सकाळी खिडकीच्या चौकटीवर चिखलाचे ठसे. बिबट्याचे!

रखवालदार काय म्हणाला ते मी सांगितलं. "अगं, बारी म्हणजे खिडकी!" हे ओरडले.

खिडकी! आणि मी ह्यांचंच अंथरूण तिच्याखाली घातलं होतं.

एक ठसा ह्यांच्या उशीवरही होता. ह्यांनी बघायच्या आत मी उशी उलटी केली.