आजारी बाहुली वेगळी ठेवावी

३ फेब्रुवारी
आले एकदाची. खेळण्यांच्या संग्रहालयात भांडारपाल म्हणून आजपासून रुजू. मागच्या बाजूला राहायला खोली, नळाला पाणी, खिडकीत ऊन. आणखी काय हवं? धाकटीने फोनवर चिडवलंच, की ताईला या वयात बाहुल्या खेळायचा पगार मिळणार. महिनाअखेरीस येते म्हणाली. आईमागे आम्ही दोघीच एकमेकींना.

इथे जुन्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या बंद कपाटांत कुटुंबं करून बसवल्यात: आई, बाप, पोरं. कुणाचं घर मोडायचं नाही असा इथला रिवाज, असं व्यवस्थापक काका कौतुकाने म्हणाले. मी मान डोलावली, पण कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला.

५ फेब्रुवारी
एका कपाटातली आई पिवळी पडलीय. अंगाला चिकट घाम, गालावर बारीक भेगा. दार उघडलं की वास नाकाला झोंबतो. सेल्युलॉइडचं हे जुनं प्लास्टिक कुजताना आम्लाची वाफ सोडतं, बंद जागेत ती साठते आणि शेजारच्या धडधाकट बाहुल्यांनाही लागण होते. काकांशी हुज्जत घालून मी तिला गार, खेळता वारा असलेल्या खोलीत उघड्या फळीवर ठेवली. उन्हापासून, विस्तवापासून लांब. काका म्हणाले, ती तिथे राहायची नाही. म्हटलं, बघू कशी राहत नाही.

६ फेब्रुवारी
सकाळी बाई परत पोरांच्या मधोमध. काकांना चांगलं फैलावर घेतलं. पुन्हा हलवली, खोलीला माझं कुलूप घातलं, किल्ली गळ्यात.

९ फेब्रुवारी
कुलूप जसंच्या तसं. बाहुली पोरांत. धाकट्या बाहुलीचा गालही चिरलाय. काका म्हणतात, आधीचे भांडारपालही असेच हट्टी होते. पुढे त्यांचं काय झालं, ते सांगत नाहीत. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण पोरं वाचल्याशिवाय मी हलणार नाही.

१२ फेब्रुवारी
तिला दोरीने फळीला बांधली. हातमोजा फाटलेला, उशिरा लक्षात आलं. तळवे चिकट. साबणाने जात नाही.

१५ फेब्रुवारी
ती जागची हलली नाही. जिंकले.
तळहाताला भेगा. रक्त नाही, आत पिवळं. डॉक्टर ॲलर्जी म्हणाले, पण वासाने मागे सरले.

१८ फेब्रुवारी
जाग आली ती बसस्टँडवर. अनवाणी. मुठीत धाकटीच्या गावचं तिकीट. मी काढलं? फाडून टाकलं.
ती पोरांत का जायची ते कळलं. आता ओढ मला लागलीय.

१९ फेब्रुवारी
धाकटीला फोन केला, येऊ नकोस. ऐकेना, म्हणून मुद्दाम भांडले. नको नको ते बोलले. रडली. रडू दे, जगेल तरी.
खिडक्या उघड्या, दारातच बसवलेलं कुलूप आतून लावलं. किल्ली खिडकीच्या गजांतून फेकून दिली. बघू कोण हट्टी.

२० फेब्रुवारी
तरी आलीच. दारापलीकडे रडतेय, ताई उघड म्हणते. ओरडले, जा, पुढे पाऊल टाकू नकोस.
मग आतून कुणीतरी लाडाने सांगितलं तिला, काकांकडे दुसरी किल्ली आहे, घेऊन ये. आवाज माझाच.
तोंडात ओढणीचा बोळा कोंबलाय. आता बोल म्हणावं. बोटं उकललीत, पेन धरवत नाही — पलंग दाराला लावलाय —
पळत येतेय — किल्लीचा आवाज —
माझाच दुसरा हात पलंग मागे ओढतोय — नाही ओढू देणार — येऊ नको गं, पिल्ला, ये—