भागिले दहा

७ मार्च १९८८, सोमवार. शेगाव

कोकिळेला कापसाच्या जिनिंग संस्थेत लागून आज अडीच महिने झाले. संस्थेचं काँप्युटर खातं म्हणजे एक खोली, एक पंखा आणि माझी लेक! कायम करायची की घरी पाठवायची, ते मॅनेजर रंगराव एप्रिलात ठरवणार.

सकाळी सहज तारघरात डोकावलो. चौतीस वर्षं काढली तिथं — आधी मोर्स, मग टेलिप्रिंटर. नव्या पोरानं विचारलं, "आजोबा, मनीऑर्डर का?" आजोबा! निवृत्त होऊन मला सहा महिने झाले, साठ वर्षं नाही.

८ मार्च

मुंबईचा इंजिनिअर आला, कर्णिक. जुन्या काँप्युटरची डिस्क आजारी आहे. तिच्यातलं सगळं वायरीनं नव्या काँप्युटरात न्यायचं. बेचाळीसशे सभासद, प्रत्येकाची दीड हजार अक्षरं — नाव, गाव, शेत, दर हंगामाचा कापूस. त्रेसष्ट लाख अक्षरं! कागदी कार्डं गेल्या पावसाळ्यात उधईनं खाल्ली. म्हणजे जे आहे ते त्या डिस्कमध्येच.

कर्णिक म्हणाला, पाच तास पन्नास मिनिटं लागतील. दहाला सुरू केलं की चारला दहा कमी असताना खलास. आणि आपल्याकडची विजेची लाईन तर रोज चारला जाते! वाचता वाचता मध्येच गेली तर ती डिस्क पुन्हा फिरेल याची हमी नाही म्हणे; रीतसर बंद केली तर चालते.

रंगराव सगळ्यांसमोर बोलले, "काही गेलं तं कोकिळाबाई, जिम्मेदारी तुमची." इंजिनिअर मुंबईचा, जिम्मेदारी माझ्या पोरीची! वा रे न्याय!

९ मार्च

संध्याकाळी कोकिळा ओट्यावर येऊन बसली. "बाबा, टेलिप्रिंटरवर एक अक्षर पाठवाले किती खुणा लागत?"

"पाच. काऊन वं?"

"पाचच?"

झालं! पेटलोच मी. पाच कशा? पाच अक्षराच्या. पण आधी एक 'सुरू'ची, शेवटी दीड 'थांब'ची. साडेसात! नाहीतर पलीकडच्या मशीनला कळणार कसं, अक्षर कुठं सुरू झालं नि कुठं संपलं? म्हणून सेकंदाला पन्नास खुणा गेल्या तरी अक्षरं दहा जात नाहीत, पावणेसातसुद्धा नाहीत. नवीन तारबाबू हमखास दहा सांगायचे. मी कान उपटायचो.

तिनं कागद काढला. खुणेला हे लोक बिट म्हणतात. डिस्क सेकंदाला पन्नास लाख बिट वाचते, पण वायर नेते फक्त चोवीसशे. विहीर तुडुंब, बादली एवढीशी! आणि यांचं अक्षर आठ बिटांचं. कर्णिकनं चोवीसशेला आठानं भागलं — सेकंदाला तीनशे अक्षरं.

"अन् सुरू-थांब?" मी ओरडलोच. "ते कोण धरणार, त्याचा बाप?"

"वायरीवर तेही जातात, एकेक."

"मंग दहा! भागिले दहा!"

दोनशे चाळीस अक्षरं. म्हणजे सात तास सतरा मिनिटं! चारला लाईन गेली असती तेव्हा अकरा लाख अक्षरं जुन्या डिस्कमध्येच राहिली असती.

कोकिळेची आई, अंबू, आतून म्हणाली, "भांडून राह्यले का तुम्ही बापलेकी?" म्हटलं, "गणित करून राह्यलो!"

१० मार्च

सांगितलं कोकिळेनं! रंगरावांपुढं, फळ्यावर मांडून. कर्णिक हसला म्हणे, "मॅडम, कंपनीचा आकडा आहे हा." ही म्हणाली, "मग एक मिनिट चालवून मोजू." कर्णिकच्या हिशोबानं अठरा हजार अक्षरं यायला हवी होती. आली चौदा हजार चारशे!

आता काम दोन दिवसांत. पहिल्या दिवशी तीनलाच रीतसर थांबवायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. कोकिळेचीच योजना.

११ मार्च

मंदिराच्या रांगेत चौघांना सांगितलं. तिघांना कळलं नाही. तरी सांगितलं!

१४ मार्च, सोमवार

दहा ते तीन. त्रेचाळीस लाख वीस हजार अक्षरं पोचली. लाईन आज पावणेचारलाच गेली!

१५ मार्च

पूर्ण त्रेसष्ट लाख! एक अक्षर कमी नाही. रंगरावांनी एप्रिलची वाटच पाहिली नाही — कायम! म्हणाले, "तुळशीरामजी, पोरगी हुशार आहे हो तुमची." म्हटलं, हुशार आहेच, पण विद्या टेलिप्रिंटरची! पेढे मीच वाटले. तारघरात त्या पोरालाही दोन दिले. छाती काही खाली बसत नाही आज.

१८ मार्च

शेजारचे नजीरभाई, माझ्याच वेळचे तारबाबू. त्यांना ते गणित दाखवायला कोकिळेची वही उघडली. आठ तारखेचं पान निघालं. मी शिकवलं त्याच्या आदल्या दिवसाचं. तिचंच अक्षर — २४०० भागिले १० = २४०. सात तास सतरा मिनिटं. खाली एक ओळ: 'उद्या बाबांना विचारायचं. सहा महिन्यांत त्यांना कोणी काही विचारलं नाही.'

वही होती तिथं ठेवली. नजीरभाईंना म्हटलं, सापडत नाही.

संध्याकाळी ओट्यावर आली. "बाबा, एक अडलं आहे."

"बस," म्हटलं. "सांगतो."